स्वस्त उपायांना वाली कोण?

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आला, आईवडील ऊसतोडीला आलेले, हंगाम संपला की मार्चमध्ये परत गावी जाणार. आधीच्या शाळेतून त्याच्याबद्दल एवढंच कळलं होतं की वाचन कच्चं आहे आणि लक्ष नसतं. पहिले तीन आठवडे मलाही तेच वाटलं. मी फळ्यावर लिहायचे आणि तो शेजारच्याच्या वहीत बघायचा, मी रागवायचे, दुसऱ्याचं बघून लिहू नकोस म्हणायचे, मग तो लिहायचंच बंद करायचा. नंतर मी मुलांना चार-चारच्या गटात समोरासमोर बसवायला लागले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या गटातली एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, ह्याला फळ्यावरचं दिसतच नाही, कार्डपण नाकाला लावून वाचतोय." तपासणी केली तर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीन नंबर. म्हणजे त्या पोराला हातभर अंतरावरचंसुद्धा धूसर दिसत होतं आणि आम्ही सगळे शिकले सवरलेले लोक त्याला कच्चा म्हणत होतो.

हे मी विसरू शकत नाही. तेव्हापासून तीन विषयांवरचं जे मिळेल ते वाचतेय, मुलांचे डोळे, रक्तवाहिन्यांचे आजार (कारण ते माझ्या घरात आलेत, सांगते पुढे) आणि मुलांनी एकमेकांच्या सोबतीने शिकण्याच्या पद्धती. विषय तसे लांबलांबचे, पण वाचत गेले तसं एक गोष्ट मनात पक्की होत गेली. यातले बरेच उपाय सापडलेत, तपासून झालेत आणि स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत, तरी ते आपल्या गावात पोचलेले नाहीत. महाग उपाय मात्र पोचतात, कारण त्यांना एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) असतो, जाहिरात असते, कमिशन असतं, बस स्टँडवर होर्डिंग असतं. ऊन, वाचायचा चष्मा, बीपीची साधी गोळी, चार मुलांनी मिळून शिकायचा धडा, यांचं होर्डिंग कोण लावणार? माझं म्हणणं असं आहे की असले उपाय घरोघर पोचवणं हे सरळ सरळ सरकारचं काम आहे आणि ते नुसता जीआर काढून होत नाही, त्यासाठी माणूस नेमावा लागतो आणि त्या माणसाला वेळ द्यावा लागतो.

आधी डोळ्यांचं घेते, कारण तिथलं चित्र सगळ्यात स्पष्ट आहे.

लहान मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण वाढतंय हे आता कुठल्याही वर्गात डोकावलं तरी कळतं. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शहरी मुलांमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के होतं, २०१५ साली एम्सच्या डॉक्टरांनी दिल्लीतल्याच जवळजवळ दहा हजार शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध केली त्यात ते १३.१ टक्के निघालं (दोन्ही पाहण्या अगदी एकसारख्या नव्हत्या, पण कल दिसतोच). यात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबट होत जातो, त्यामुळे प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडे पडते. गोळा एक मिलिमीटर जास्त लांब झाला तर साधारण अडीच-तीन नंबर वाढतो. आणि एकदा लांबलेला गोळा परत आखूड होत नाही, चष्म्याने दिसतं पण डोळा तसाच राहतो, आणि नंबर फार वाढला तर पुढे पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा धोका वाढतो. त्यामुळे "लागला चष्मा तर लागला, हल्ली सगळ्यांनाच असतो" हे पालकांचं वाक्य मला पटत नाही.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हे आनुवंशिक आहे, आईबापांना चष्मा म्हणून पोराला चष्मा, किंवा फार वाचल्याने होतं. आनुवंशिक भाग आहेच. पण २००८ साली एक तुलना प्रसिद्ध झाली, सहा-सात वर्षांची चिनी वंशाचीच मुलं, काही सिडनीत राहणारी, काही सिंगापूरमध्ये. सिंगापूरच्या मुलांमध्ये हे प्रमाण २९.१ टक्के आणि सिडनीच्या मुलांमध्ये फक्त ३.३ टक्के. वंश तोच आणि गंमत म्हणजे सिडनीची मुलं आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. मोठा फरक कुठे सापडला तर घराबाहेरच्या वेळात. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असायची आणि सिंगापूरची जेमतेम तीन तास.

आता कुणी म्हणेल, नुसत्या तुलनेवरून काय सिद्ध होतं. बरोबर आहे, म्हणून चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पुढचं पाऊल टाकलं गेलं. बारा प्राथमिक शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन भागात वाटल्या, सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला आणि सहा शाळांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना दूरचं न दिसण्याचा त्रास सुरू झाला होता आणि जादा तास मिळालेल्या शाळांत ३०.४ टक्के. म्हणजे शंभरातल्या नऊ मुलांचा चष्मा निदान तेवढी वर्षं तरी टळला, तोही औषध नाही, मशीन नाही, फक्त एक तास. हे २०१५ साली छापून आलं. तैवानने तर त्याआधीच, २०१० पासून, शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर हा कार्यक्रम सुरू केला होता आणि तिथे वर्षानुवर्षं वाढतच चाललेला कमी दिसणाऱ्या मुलांचा टक्का पहिल्यांदा खाली यायला लागला, २०१२ साली ४९.४ होता तो २०१५ पर्यंत ४६.१ वर आला. आकडा छोटा वाटेल पण चढणीवरची गाडी थांबून मागे वळली याला माझ्या मते फार किंमत आहे.

कारण काय, तर उजेड. वर्गातला उजेड तीनशे-पाचशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर उघड्यावर दहा हजाराच्या पुढे आणि उन्हात त्याच्याही कितीतरी पट, झाडाच्या सावलीत बसलं तरी वर्गापेक्षा कितीतरी जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामीन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि त्याने गोळ्याची जास्तीची वाढ रोखली जाते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, बाहेर खेळल्याने चष्मा लागायचा टळतो किंवा लांबतो, पण एकदा लागलेला नंबर त्याने फारसा थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही. म्हणजे हा उपाय चष्मा लागायच्या आधीचा आहे, पहिली-दुसरीतला आहे, अंगणवाडीतला आहे.

आणि आपण नेमकं उलटं करतोय. शाळेत वेळ कमी पडला की पहिला बळी शारीरिक शिक्षणाच्या तासाचा. शहरातल्या कितीतरी शाळांना मैदानच नाही, पार्किंगमध्ये कवायत होते. पालकसभेत मी एकदा म्हणाले की चौथीपर्यंत रोज एक तास बाहेर बसून शिकवेन, तर एका पालकांनी विचारलं, मग स्कॉलरशिपचं काय? त्यांचं चुकीचं नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाहीये. मुलांचा नंबर वाढू नये म्हणून थेंब येतात, खास काचा येतात, त्याची माहिती त्यांना मोबाईलवर आपोआप येते (ते उपाय खोटे आहेत असं मी म्हणत नाही, डॉक्टर सांगतील त्यांनी घ्यावेत), पण "पोराला रोज दोन तास बाहेर सोडा" ह्याची जाहिरात कुणी देत नाही कारण त्यात विकायला काहीच नाही.

उन्हाचा मुद्दा येतो लगेच. एप्रिल-मे मध्ये विदर्भात पोरांना बाहेर काढायचं का? अजिबात नाही. सकाळी साडेसात ते नऊ, झाडाखाली, व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा. आपल्याकडे वर्षातले किमान सात-आठ महिने हे सहज होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची. त्यांनी ते डोळ्यांसाठी केलं नव्हतं, पण उघड्यावरची शाळा ही आपल्याकडे परदेशातून आणायची गोष्ट नाहीये, ती आपल्या मातीत होऊन गेलीये.

बरं, ज्यांना चष्मा लागलाच त्यांचं काय? शाळेत आरोग्य पथक येतं, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, चांगला कार्यक्रम आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण पथक येतं त्या दिवशी ऊसतोडीचं पोर गैरहजर असतं, किंवा आलेलंच नसतं, किंवा तपासणी होते, चिठ्ठी मिळते, पुढे तालुक्याला न्यायला बापाचा दिवस मोडतो म्हणून चष्मा होत नाही, चष्मा झाला तर "ढापण्या" म्हणतात म्हणून पोर तो दप्तरात ठेवतं, आणि फुटला तर दुसरा कोण देणार. तपासणीपासून नाकावर चष्मा बसेपर्यंत एवढी ठिकाणं आहेत गळायची. आपण मोजतो काय, तर किती मुलांची तपासणी झाली. किती मुलांच्या डोळ्यावर सहा महिन्यांनंतर चष्मा आहे हे मोजलं तर सगळं चित्र वेगळं दिसेल.

आणि हे फक्त मुलांचं नाही. चाळिशी लागली की जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, तांदूळ निवडताना खडा राहतो. आसामच्या चहाच्या मळ्यात ७५१ कामगारांवर एक प्रयोग झाला, चाळिशी ओलांडलेले, पानं खुडणारे. अर्ध्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, अर्ध्यांना प्रयोग संपल्यावर. ज्यांना आधी मिळाला त्यांची खुडणी दुसऱ्यांपेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. २०१८ ची गोष्ट. आमच्याकडे गारमेंटमध्ये काम करणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या किती बायका असतील ज्यांना "आता वय झालं, हात चालत नाही" असं वाटतं आणि मुळात डोळाच साथ देत नसतो.

स्वस्त उपायाला वाली मिळाला तर काय होतं याचं आपल्या देशातलंच उदाहरण आहे. मदुराईला १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती तरी शस्त्रक्रिया करत होते. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायची लेन्स तेव्हा परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाही, तर १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला घेतली आणि किंमत कितीतरी खाली आणली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी खेड्यातल्या मुली निवडल्या, त्यांना शिकवलं, आणि डॉक्टर सोडून बाकीची सगळी कामं, तपासणी, पेशंटची तयारी, समजावणं, त्यांच्यावर सोपवली. एवढ्या शस्त्रक्रिया त्या मुलींच्या जोरावर होतात. लेन्स स्वस्त केली म्हणून आंधळेपण आपोआप गेलं नाही, लेन्सपर्यंत पेशंटला हात धरून नेणारं माणूस उभं केलं म्हणून गेलं.

आता घरातलं. माझ्या आईला मोतीबिंदू झाला म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब टाकून आतला पडदा बघितला आणि विचारलं, "आजी, बीपी कधी मोजलंय का?" आई म्हणाली मला कसलाच त्रास नाही. मोजलं तर १८४/१०२. डोळ्याच्या मागचा पडदा ही शरीरातली अशी एकच जागा आहे जिथे काहीही न कापता रक्तवाहिन्या थेट बघता येतात. १८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यात बघायचं यंत्र जगापुढे आणलं, आणि १९३९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की पडद्यावरच्या वाहिन्या किती बिघडल्यात त्यावरून बीपीचा पेशंट किती जगेल याचा अंदाज येतो, त्यांनी चार पायऱ्या पाडल्या त्या अजून शिकवतात. म्हणजे माझ्या आईच्या वाहिन्या कित्येक वर्षं सांगत होत्या, ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं.

"काही त्रास नाही" ह्या वाक्यानेच माणसं जातात. पूर्वी तर डॉक्टरही मानायचे की वयाबरोबर बीपी वाढायचंच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० होतं, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडे त्यावर धड औषध नव्हतं. तीन वर्षांनी, १९४८ ला, फ्रॅमिंगहॅम नावाच्या छोट्या गावात ५,२०९ धडधाकट माणसांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात झाली आणि त्यातून कळलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे. नंतर डॉ. सलीम युसुफ, मूळचे केरळचे आणि बंगळुरूला शिकलेले, यांनी ५२ देशांतल्या पेशंटचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की पहिल्या हार्ट अटॅकचा नव्वद टक्के धोका नऊ साध्या गोष्टींशी जोडलेला आहे, आणि त्याच माहितीतून पुढे हेही कळलं की आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, लोकांना अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. घरातला कर्ता माणूस, पोरांची लग्नं व्हायची आहेत, कर्ज फिटायचं आहे, त्या वयात.

इथे मामाचं सांगते. चालताना छातीत भरून यायचं, थांबलं की जायचं, असं वर्षभर चाललं होतं. एका मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी झाली, टेबलावरच सांगितलं ८० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ता स्टेंट (अडलेली नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाका नाहीतर कधीही काहीही होईल, मामीने बाहेर उभं राहून सही केली, शेत गहाण पडलं. स्पष्ट सांगते म्हणजे गैरसमज नको, हार्ट अटॅक आलेला असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी (अडलेली नळी उघडून स्टेंट बसवणं) जीव वाचवते, तिथे मिनिटं मोजायची असतात, तिथे वाद घालत बसू नये. पण मामासारखा जो स्थिर त्रास असतो, चालल्यावर दुखणारा, त्यात काय होतं हे मोठमोठ्या प्रयोगांत तपासलंय. २००७ साली २,२८७ पेशंट, २०२० साली ५,१७९ पेशंट, काहींना औषधं अधिक स्टेंट किंवा बायपास, काहींना आधी फक्त नीट औषधं. मृत्यूच्या आकड्यात फरक पडला नाही. छातीत दुखणं स्टेंटने कमी होतं, तो फायदा खरा आहे आणि काहींना तो हवाच असतो, पण "नाहीतर मराल" हे वाक्य त्या प्रकारच्या पेशंटला सांगायला पुरावा नाही.

मला जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मामांनी सहा महिन्यांनी गोळ्या बंद केल्या. का, तर नळी साफ झाली ना. त्यांच्या डोक्यात पाइपलाइन बसली होती, कचरा अडकला, काढला, संपलं. पण मामांचा आजार, रोहिणीकाठिण्य, म्हणजे एका जागचा बुच नव्हे, तो अख्ख्या रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या) भिंतीचा आजार आहे, हृदयात आहे तसा मानेत आहे, पायात आहे, स्टेंट फक्त एका जागेला टेकू देतो आणि बाकी सगळं गोळ्या, बिडी सोडणं, मीठ, चालणं ह्यावरच अवलंबून. हे त्यांना दहा मिनिटं बसून कुणी सांगितलं असतं तर गोळ्या चालू राहिल्या असत्या. ऑपरेशनला लाखांचं बिल होतं, त्या दहा मिनिटांचं बिल नव्हतं म्हणून ती दहा मिनिटं झालीच नाहीत. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६०, फार चांगलं केलं. पण किंमत बांधणं हा अर्धाच भाग झाला.

उरलेला अर्धा भाग कसा करायचा हेही आपल्याला माहितीये. २०१७ च्या शेवटी भारतात रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला, महाराष्ट्र त्यातलं एक. त्यात नवीन शोध काहीच नाही. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं, सगळीकडे एकच ठरलेली औषधाची पायरी, ॲम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या साध्या गोळीपासून सुरुवात, गोळ्या फुकट आणि एकदम महिनाभराच्या, उपकेंद्रातच, आणि पेशंट आला नाही तर नर्सने फोन करायचा, आशाताईने घरी जायचं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. बघा, इथेही तीच गोष्ट, गोळी जुनी आहे, तिच्या मागे फोन करणारं माणूस उभं केलं हे नवीन आहे. असंच बीपी, कोलेस्टेरॉलची औषधं एकाच गोळीत घालण्याची कल्पना २००३ पासून आहे, इराणच्या खेड्यांत ६,८३८ लोकांवर तपासली, २०१९ ला निकाल आला, हृदयविकार आणि पक्षाघात साधारण एक तृतीयांशने कमी, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. वीस वर्षं लागली, कारण जुन्या स्वस्त औषधांच्या मिश्रणात कुणाला फार पैसा दिसत नाही.

आता वर्गाकडे परत येते, कारण शिक्षणात हा रोग वेगळ्या रूपात आहे. इथे उपाय पोचतो, पण कागद म्हणून पोचतो.

मुलांनी गटात शिकावं हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण गटात बसवणं आणि गटाने शिकणं वेगळं आहे. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगळ्या शाळा मोडून एकत्र केल्या, तेव्हा वर्गात मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरनसन नावाचे मानसशास्त्रज्ञ वर्गात जाऊन बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळी मुलं बाईंचं लक्ष आपल्याकडे यावं म्हणून एकमेकांशी स्पर्धा करताहेत, ज्याला येत नाही तो बाकीच्यांना अडथळा वाटतो. त्यांनी धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, तो त्याने नीट शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. आता हुशार मुलालाही मागच्या बाकावरच्या मुलाचं ऐकावंच लागतं, कारण तो तुकडा दुसऱ्या कुणाकडे नाहीच. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी पुढे कितीतरी वर्षं अशा पद्धती तपासल्या आणि दोन अटी सांगितल्या, गटाचं मिळून एक ध्येय पाहिजे आणि प्रत्येक मुलाला स्वतःला आलं की नाही हे वेगळं तपासलं पाहिजे. या दोन नसतील तर एक हुशार पोरगी सगळं करते आणि बाकी तिघं नाव टाकतात. हे कुठल्याही शिक्षकाने पाहिलेलं आहे.

हे जादू नाही हेही सांगते. २०२२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तुकड्यांच्या ह्याच पद्धतीचे पाच प्रयोग मिळून छापले आणि मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. मला ते वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझंही फसलं होतं, ज्या पोराला नीट वाचताच येत नाही त्याला तुकडा दिला आणि त्याने चुकीचं शिकवलं. मग मी आधी तुकडेवाल्यांना वेगळं बसवून त्यांच्याकडून तो भाग पक्का करून घ्यायला लागले, चित्रांची कार्डं केली, गट मोठे होते ते चारचे केले, शेवटी प्रत्येकाला पाच प्रश्न. दोन सत्रं गेली बसायला. आमच्याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये (आसपासच्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभाताई भराडे यांनी ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः करून बघत शिकायची) पद्धत शिक्षकांसोबत बसून, वर्गात जाऊन, हळूहळू रुजवली, राज्यभरातून शिक्षक बघायला यायचे. मग जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा जीआर आला आणि ते सगळीकडे न्यायचं ठरलं. हेतू अगदी चांगला. पण बऱ्याच शाळांत काय पोचलं तर रंगवलेल्या फरश्या. जमिनीवर अंक, भिंतीवर अक्षरं, फोटो काढून वर पाठवले. कुमठ्यात जे घडलं ते रंगाने घडलं नव्हतं, कुणीतरी येऊन शिक्षकाच्या शेजारी बसत होतं, म्हणून घडलं होतं. तेवढं एक सोडून बाकी सगळं राज्यभर गेलं.

आम्हाला वेळ कुठे आहे असं म्हटलं की लोकांना वाटतं शिक्षक रडतात. दोन शिक्षकांची शाळा, पाच वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम. अशा ठिकाणी नवी पद्धत शिकायला महिन्यातून दोन दुपारी आणि शेजारी बसणारा एक अनुभवी शिक्षक एवढं दिलं तरी खूप होईल. याला पैसा लागतो हे मला मान्य आहे, आणि सरकारकडे पैसा कमी आहे हेही ऐकून आहे. पण वर्गात मोठा टीव्ही बसवायला पैसा निघतो, कारण टीव्ही विकणारा मंत्रालयापर्यंत जातो. शेजारी बसणाऱ्या माणसाची बाजू घेऊन तिथे कोण जाणार?

म्हणून माझी मागणी नवीन संशोधनाची नाही. संशोधन व्हायलाच हवं, आपल्या उन्हात, आपल्या शाळांत बाहेरच्या तासाचा प्रयोग आपण स्वतः मोठ्या प्रमाणावर करायला हवा, चीनचे आकडे किती दिवस वापरणार. पण त्याच्या सोबतीने तिसरीपर्यंत रोजचा एक तास उघड्यावर हा वेळापत्रकात शाईने लिहिलेला पाहिजे, तो गणिताला किंवा स्कॉलरशिपला देता येणार नाही असा. तपासणीचा आकडा न मोजता वापरात असलेल्या चष्म्यांचा आकडा मोजा, आणि स्थलांतरित मुलांची तपासणी ते जिथे असतील तिथे, कारखान्याच्या हंगामात करा. अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येक पेशंटला सरकारी योजनेच्या पैशातून सहा महिने फोन जायला हवा, गोळ्या घेताय का म्हणून. आणि आशाताईंना या कामाचा वेगळा, वेळेवर, पोट भरेल असा मोबदला द्या, सगळं त्यांच्याच डोक्यावर टाकून वर त्यांना स्वयंसेविका म्हणायचं हे थांबवा.

सरकार हे कधी करेल ठाऊक नाही. ह्या शनिवारी आमच्याकडे पालकसभा आहे, आशाताई बीपीचं मशीन घेऊन येते म्हणालीये, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं मोजणार आहोत, आणि सभा ह्या वेळी वर्गात न घेता चिंचेखाली घ्यायची ठरलीये. तो मुलगा मार्चमध्ये चष्मा घालून गावी गेला. जाताना मी त्याच्या दप्तरात नंबरची चिठ्ठी दोन ठिकाणी ठेवली, एक वहीत आणि एक त्याच्या आईकडे, चष्मा फुटला तर तिकडच्या बाईंना दाखवायला.